यात दारू आहे हं

आमच्या समोरच्या वहिनींना राग आला की त्या मैदा भिजवतात. ओट्यावर पीठ आपटल्याचा आवाज आला की कोपर स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कळतं, आज डोनट. तळून झाले की वर साखर आणि कॉफीच्या लिकरचा चकचकीत थर. देताना त्या प्रत्येकाला बजावतात, "यात दारू आहे हं. चालत असेल तर घ्या, मागून बोलायचं नाही."

सोसायटीच्या अध्यक्षांनी हे ऐकूनच, हसत हसत तीन खाल्लेले. आणि पुढच्या मीटिंगमध्ये उभे राहून म्हणाले, "सभ्य माणसांच्या बिल्डिंगमध्ये एक बाई दारूचे पदार्थ वाटते." थर्टी फर्स्टला पिऊन झिंगलेल्या याच गृहस्थांना मी आणि वॉचमनने धरून गच्चीवरून खाली आणलेलं. माझं डोकं सणकलं. वहिनी मात्र उठून घरी गेल्या.

रविवारी ओटा दणाणला. दुपारी गरम डोनटचं ताट घेऊन त्या वरच्या मजल्यावर निघाल्या, मीही मागोमाग गेलो. त्यांनी अध्यक्षांची बेल वाजवली. दार अध्यक्षांनीच उघडलं.

"यात दारू आहे," त्या जिनाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "घ्या."

"वहिनी, जरा हळू बोला ना."

"का? मीटिंगमध्ये तुम्ही हळू बोललेलात?"

आतून अध्यक्षांची बायको आली. तिने नवऱ्याला बाजूला सारलं, एक डोनट उचलला आणि दारातच उभी राहून पूर्ण संपवला.

वहिनींनी अख्खं ताट तिच्या हातात दिलं.