एकाच मापाचे पाच गोळे

तीन जूनला कातारीकाकांनी मुलींच्या कॉलेजकडून दोन हजार चारशे रुपये आगाऊ घेतले. उभा जन्म लाटणी आणि खुर्च्यांचे पाय कातण्यात गेलेला. या वेळी मात्र जीवशास्त्राच्या बाईंना गर्भाचे पहिले पाच दिवस लाकडात हवे होते. एक पेशी, दोन, चार, आठ आणि शेवटी पाचव्या दिवसाचा पोकळ गोळा.

"त्यात काय मोठंसं," म्हणत काकांनी गोळे कातले. पहिला लिंबाएवढा, दुसरा संत्र्याएवढा, आठ पेशींचा कलिंगडाएवढा.

बाईंना हसू आवरेना. "काका, हे बाळ पाचव्या दिवशी शाळेत जाईल!"

"वाढतं ना ते?"

"वाढायचं नंतर. आधी नुसतं विभागतं. कवच तेच, आतला ऐवजही तेवढाच. तुकडे वाढत जातात आणि लहान होत जातात."

काका तोंड पाडून घरी आले. काकूंनी कलिंगड दाराला टेकू म्हणून लावलं. "चला, तुमची हुशारी कुठेतरी कामी आली!"

काकांनी सगळे गोळे पुन्हा कातायला घेतले, लिंबाच्याच मापाचे.

घरात त्या दिवसांत सगळे हळू बोलत. लेक माहेरी आली होती. आठ वर्षं वाट पाहून झाल्यावर दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तिचा गर्भ तयार झाला होता, एकच. पाचव्या दिवसापर्यंत नीट राहिला तरच पोटात ठेवणार होते.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याचा फोन आला. तो ठेवून लेक काकांकडे वळली.

"आठ पेशी झाल्यात म्हणे. मी विचारलं, केवढा झालाय? तर म्हणाले, होता तेवढाच. बाबा, तसूभरही वाढला नाही हो तो!"

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काका लेथकडे गेले आणि दोन गोळे घेऊन आले. एक अखंड, एक आठ तुकड्यांचा. दोन्ही लेकीच्या तळहातांवर ठेवले.

"कुठला मोठा?"

"सारखेच आहेत."

"असंच असतं सुरुवातीला. मी शहाणा वाढवत सुटलो होतो, विचार त्या दाराला."

लेकीने दाराकडे पाहिलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

पाचव्या दिवशी सकाळी काकांनी शेवटचा गोळा तिला उघडून दाखवला. आत पोकळी, कडेला दाण्याएवढा पुंजका.

"बाळ होतं ते एवढ्याशाचंच. बाहेरच्या थराची वार होते."

"आणि पोकळी धरलीच नाही तर?"

काकांनी गोळा मिटून तिच्या हातात दिला. तेवढ्यात फोन वाजला. लेकीने नुसतंच "हो, हो" केलं, मग आईचा दंड घट्ट धरला.

"धरलीय! दहाला बोलावलंय."

गाडीत बसताना तो गोळा तिच्या मुठीतच होता.

"अगं, तो कॉलेजचा..." काका म्हणाले. काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं.

कॉलेजला चार गोळे पोचले. पाचवा देणे आहे.