फक्रुद्दीन पेंटरचा ‘स’

कोल्हारच्या बाजारपेठेतली निम्मी अक्षरं एके काळी फक्रुद्दीन पेंटरच्या हातची होती. मग फ्लेक्स आला. त्यानंतर टेम्पोंवर मालकांच्या मुलांची नावं लिहिणं उरलं. आता तीही स्टिकरवर मिळतात.

यंदा कसल्याशा योजनेचा समन्वयक, अनिमेष, दारात आला. “चाचा, प्लास्टिक बंद. चाळीस गावांत ‘शाश्वत विकास’ म्हणजे काय ते भिंतीवर लिहायचंय, हातानं. इथं एक नमुना करा. पसंत पडला तर चाळीसही भिंती तुमच्या.”

चाळीस भिंती म्हणजे बंद पडलेला धंदा पुन्हा सुरू. फक्रुद्दीनने नवे ब्रश आणले. अर्थ कळल्याशिवाय तो अक्षर आखत नसे, म्हणून शामकांत मास्तरांकडे गेला. मास्तरांनी त्याला सातवीत शुद्धलेखन शिकवलं होतं, यश बेताचं.

“शाश्वत म्हणजे टिकणारं,” मास्तर म्हणाले. “तीनशे वर्षांपूर्वी एका जर्मन खाणसाहेबानं लिहिलं, जंगल जेवढं उगवेल तेवढंच तोडा. पुढं सत्त्याऐंशी साली जगातल्या शहाण्यांनी अहवाल काढला. आजच्या गरजा अशा भागवा, की पुढच्या पिढीचं अडू नये.”

“सत्त्याऐंशीला पुढची पिढी कोन हुती?”

“तू. माझ्या वर्गात होतास.”

“मला कुनी कळवलं न्हाई.”

चार दिवस खपून त्याने भिंत लिहिली. अनिमेषने मोबाईलवर फोटो काढले, छान म्हणाला. दुसऱ्या भिंतीचा निरोप मात्र महिनाभर आला नाही. मग मास्तर बसने कुठेसे जाऊन आले.

“फकरू, तुझी भिंत गावोगाव टांगलीय. फोटो काढून फ्लेक्स छापलेत.” मग म्हणाले, “आणि शाश्वतमध्ये दोन्ही श असतात रे. तू दुसरा स काढलायस.”

“बोलतो तसं लिवलं.”

फक्रुद्दीनने अनिमेषला फोन लावला. “मुदत कमी होती, चाचा. अक्षर तुमचंच आहे ना? हातानं काढल्यासारखं दिसतं, तेवढंच हवं होतं. पण चूक तुमची. तपासणीच्या आत सुधारून द्या.”

अशा रीतीने चाळीस गावांचं काम त्याला मिळालं. प्रत्येकी एक अक्षर.

फ्लेक्सवर ऑइल पेंट धरत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तेराव्या गावात मास्तरांचा फोन आला.

“पहिल्या गावातला श सुटला रे. खालून स दिसतोय.”

“दिसू द्या,” फक्रुद्दीन म्हणाला आणि शिडी उचलून चौदाव्या गावाला निघाला.