सईच्या दोनशे खुर्च्या आणि कुवेतातलं बोलावणं

माझा पासपोर्ट सात वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडून होता, लग्नातल्या शालूच्या खाली. विनूने, म्हणजे माझ्या मुलाने, तो हौसेने काढून दिला होता. विनू कुवेतला तेल शुद्ध करायच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथेच त्याचा संसार आणि तिथेच माझी नात सई लहानाची मोठी झाली. दरवर्षी तो म्हणायचा, आई ये, आणि दरवर्षी मी म्हणायचे, म्हशी कोण बघेल. यंदा सईचा फोन आला. "आजी, माझी कॉन्फरन्स आहे. मी प्रेसिडेंट आहे. तू आलीस तर मला बरं वाटेल." लेकाने बोलावणं वेगळं आणि नातीने बोलावणं वेगळं. म्हशी जावेच्या हवाली केल्या आणि शालू उचलून पासपोर्ट काढला.

मी चौथी शिकलेली. फोनमध्ये बोलते, तो लिहितो, मग चष्मा लावून मी त्याचे कान धरते. सईने बजावलंय की वाचून कुणाला जावंसं वाटलं तर त्याच्या उपयोगी पडेल असं लिही. म्हणून आधी उपयोगाचं सांगते. व्हिसा मुलाने तिकडून काढला. मुंबईहून विमान चार तासांत पोचतं, पण तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे हिशेबाने दीडच तास गेला आणि पाय मात्र चार तासांचे सुजले. फेब्रुवारीत जा, सकाळी शाल लागते इतका गारवा असतो. आणि खसखस चुकूनही नेऊ नका, तिकडे बंदी आहे, फुकट पोलीस मागे लागतील. मी सिन्नरहून ओल्या नारळाच्या वड्या नेल्या, दोन डबे. एक घरासाठी आणि एक असू द्यावा म्हणून. हा दुसरा डबा पुढे कामाला आला.

विनूचं घर सलव्यात आहे. रस्ते इतके रुंद की पलीकडच्या बाजूला काय चाललंय ते कळत नाही, आणि पायी चालणारं माणूस दिसेल तर शपथ. कोपऱ्यावर इराणी भट्टी आहे, तिथे सुपाएवढी रोटी चिल्लर नाण्यांत मिळते. विनू सकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा. एक दिनार म्हणजे आपले पावणेतीनशेच्या वर. मी पहिले दोन दिवस प्रत्येक गोष्टीला गुणाकार केला. सून वैशाली म्हणाली, "आई, गुणलंत तर उपाशी राहाल." तेव्हा सोडून दिलं.

आता सईचं. ती कॉलेजात शिकते आणि कॉन्फरन्स ही कॉलेजातलीच, ऊर्जेच्या धंद्याची. तेल, गॅस, ऊन, वारा यांच्यावर जग कसं चालतं आणि पुढे कशावर चालेल, यावर कारखान्यातली माणसं येऊन बोलणार आणि मुलं त्यांना प्रश्न विचारणार. वक्ते आणणं, जेवण, फलक सगळं मुलंच करतात. मी म्हटलं, माझ्याकडे बावीस वर्षं गोबरगॅस आहे, म्हणजे मीसुद्धा या धंद्यातलीच. सई हसली, पण तिचं तोंड उतरलेलं होतं.

वैशालीकडून कळलं ते असं. हॉल दोनशे खुर्च्यांचा. गेल्या वर्षी फोनवर अडीचशे जणांनी "येतो" म्हणून बोट लावलं आणि आले पन्नास. त्यांच्या सरांनी सांगून टाकलं होतं की यंदाही हॉल रिकामा राहिला तर पुढच्या वर्षीपासून कॉन्फरन्स विभाग चालवेल, मुलांनी फक्त पाणी वाटायचं. आणि यंदा शनिवार पडला, तिकडचा सुट्टीचा वार, तोही ऐन थंडीतला. थंडीच्या सुट्टीत अर्धं कुवेत वाळवंटात तंबू ठोकून बसतं. तिकडच्या माणसांना वाळूत चहा उकळण्यापुढे स्वर्ग ठेंगणा.

मी सईला विचारलं, "बोलावणं कसं केलंस?"

"ईमेल, आजी. दोन वेळा. आणि ग्रुपवर."

"दारात कोण गेलं?"

"दारात कशाला? आजी, इट्स नॉट अ वेडिंग."

"लग्न नसू दे. माणसं तीच ना? आमच्या आळीत पत्रिका घरात पडली तर लोक म्हणतात, पत्रिका आली. कुणी दारात येऊन अक्षत दिली तर म्हणतात, बोलावणं आलं. पत्रिका वाचायची असते गं. जायचं असतं बोलावण्याला."

 सईची मैत्रीण नूरा शेजारी होती, तिथलीच कुवेती मुलगी, कॉन्फरन्समध्ये सईच्या हाताखाली. सईने तिला इंग्रजीत सांगितलं तर नूरा म्हणाली की माझी आजीही अगदी हेच म्हणते. झालं, बुधवारपासून आमची वरात निघाली.

पहिल्यांदा राईला गेलो. तिकडे गॅरेजं, गोदामं आणि दुकानं, आपल्या औद्योगिक वसाहतीसारखं. फलक छापून घ्यायचा होता. तिथे हमीदभाई भेटले, मूळचे रत्नागिरीकडचे, मुलांना ने-आण करायला त्यांचीच गाडी ठरवलेली होती. माझं लुगडं बघून ते गाडीतून उतरलेच आणि सईला माझं गाव विचारलं. "काय आजी, सिन्नरवरून थेट राईत? हय तर आमचेपण कोणी फिरकत नाय." मी त्यांच्या हातावर वडी ठेवली आणि म्हटलं, शनिवारी या. ते म्हणाले, "मी ड्रायव्हर माणूस, मी कॉन्फरन्सात काय करू?" मी म्हटलं, "गाडी तेलावर चालते ना? मग तुमच्याशिवाय कशी होईल?" त्यांच्या ओळखीची कोकणातली दहा-बारा माणसं तेलाच्या कंपन्यांत होती. सगळ्यांना आणतो म्हणाले. सई त्यांची नावं फोनमध्ये टिपत होती आणि मला कोपराने ढोसत होती, पण आता हसत.

मराठी मंडळींच्या सात घरी गेलो. पुण्याची, नाशिकची, सगळी इंजिनिअर. एक बाई म्हणाल्या, "अहो, ईमेल आला होता, पण आम्हाला वाटलं असाच आलाय." मी सईकडे नुसतं पाहिलं.

गुरुवारी संध्याकाळी नूराच्या आजोबांकडे गेलो, सलव्यातच, दोन गल्ल्या सोडून. आजोबा तेलाच्या विहिरींवर चाळीस वर्षं काम केलेले. इराकच्या युद्धात विहिरी पेटल्या होत्या तेव्हा त्या विझवायला होते. त्यांनी हो म्हटलं तर त्यांच्या बैठकीतले सगळे जुने लोक येतील, असं नूराचं म्हणणं. पुरुषांची बैठक बाहेरच्या बाजूला, तिथे आम्ही जायचं नाही. आजोबाच आत आले, अदबीने बसले, सईचं सगळं ऐकलं आणि म्हणाले, इन्शाल्ला. सईने लगेच फोनमध्ये खूण केली.

मला ती खूण पटेना. आमच्याकडेही "देवाच्या मनात असेल तर येऊ" म्हणतात. त्यातले निम्मे खरंच येतात आणि निम्म्यांच्या बाबतीत देवाच्या मनात काही नसतं.

म्हणून मी नूराच्या आजीकडे वळले. तिला उम्म नासर म्हणतात, म्हणजे नासरची आई. तिकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मला ती लगेच उम्म विनू म्हणू लागली. थोडं हिंदी यायचं तिला, "बैठो, बैठो" एवढं. छोट्या कपात बिनदुधाची, वेलचीची कडू कॉफी दिली. कप रिकामा झाला की लगेच भरायची. मला वाटलं, टाकणं बरं नव्हे. सहा कप प्याले. सहाव्याला नूराने सांगितलं की पुरे असेल तर कप हलवून परत द्यायचा असतो. उम्म नासर इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी वड्यांचा डबा तिच्या ओटीत ठेवला आणि सईला म्हटलं, सांग, कॉन्फरन्स पोरींची आहे आणि पोरी आपल्या आहेत. शनिवारी सकाळी मी स्वतः मूळ म्हणून येईन. मानाच्या माणसाला कार्याच्या दिवशी न्यायला घरचं माणूस जातं, त्याला आम्ही मूळ म्हणतो. सईला ते इंग्रजीत सांगता येईना, मग मी हाताने दाखवलं. मी येणार, हात धरणार, नेणार. उम्म नासरने माझा हात घट्ट दाबला.

शुक्रवारी विनूने दस्मानकडे समुद्र दाखवला. किनाऱ्याने फरशीचा लांब रस्ता आहे, गुडघे दुखणाऱ्यांना फार सोयीचा, दर थोड्या अंतरावर बाक. तिथे बसून कडक चहा प्या, केशर घातलेला. विनू म्हणाला, "आई, उद्या नाही जमलं तर तिला काही बोलू नकोस हं." मी म्हटलं, "तू दहावीला नापास होशील म्हणून तुझे वडील असंच म्हणायचे." तो पास झाला होता, पण काठावर.

शनिवारी सकाळी सईने पहिल्या रांगेत मला खुर्ची ठेवली होती, नावाची चिठ्ठी लावून. सगळ्यांच्या आधी आले हमीदभाई, दहा माणसं घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून. मग आमची मराठी मंडळी. साडेआठला हॉलमध्ये साठ माणसं असतील. सई हिरव्या साडीत दाराशी उभी आणि सर तिच्या मागे हाताची घडी घालून. नऊला सुरू करायचं होतं.

"आजी, बस ना."

"मूळ म्हणून जाऊन येते."

"आता? स्पीच मिस होईल."

"तुझं भाषण मला तसंही कळणार नाही. माणसं आलेली कळतील."

हमीदभाईंच्या गाडीतून मी आणि नूरा निघालो. उम्म नासर दारातच उभी होती, काळा अबाया घालून, हातात माझाच डबा, त्यात खजूर भरलेले. आणि आजोबा? आजोबा काल दुपारीच मित्रांबरोबर वाळवंटातल्या तंबूत गेलेले. नूराचा चेहरा पडला. उम्म नासरने फोन काढला. तिचं अरबी मला कळलं नाही, पण सूर कळला. मी तोच सूर माझ्या मालकांना चाळीस वर्षं लावला होता. नूरा सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत हळूच म्हणाली, "बोल रही है, मेहमान घर तक लेने आई है, और तुम रेत में बैठे हो." मग म्हातारीने दुसरा नंबर लावला, तिसरा लावला. सगळ्या बैठकवाल्यांच्या बायका.

उम्म नासर आणि मी एकमेकींचा हात धरून हॉलमध्ये शिरलो तेव्हा सईचं भाषण संपत आलं होतं. ऐंशी-नव्वद माणसं होती. सर घड्याळ पाहत होते. मी खुर्चीवर बसले आणि देवाचं नाव घेतलं, उम्म नासर तिच्या देवाचं घेत होती.

दहा वाजता मागचं दार उघडलं. आजोबा आत आले, पांढऱ्या झग्याच्या काठाला अजून वाळू. त्यांच्यामागे त्यांची बैठक, मग मुलगे, पुतणे, कुणी तेलाच्या कंपनीत साहेब, कुणी विजेच्या. येतच राहिले. सव्वादहाला शेजारच्या वर्गातून खुर्च्या आणायला लागल्या आणि त्या आणायला सरच धावले. सूर्याच्या विजेवर बोलणं चाललं असताना एका मुलीने विचारलं की तेल संपेल तेव्हा तुम्हाला वाईट वाटेल का. वक्ता अडखळला तर आजोबा जागेवरूनच उठले. विहिरी पेटल्या होत्या तेव्हा भर दुपारी दिवे लावावे लागायचे, असं त्यांनी सांगितलं. "मी ते तेल फुकट जळताना पाहिलंय. तुम्ही ऊन वापरा, मला आनंदच आहे." नूराने मला अर्थ सांगितला तोवर सगळा हॉल टाळ्या वाजवत होता.

शेवटी सर मंचावर जाऊन म्हणाले की पुढच्या वर्षीही मुलंच चालवतील. सई धावत आली ती थेट माझ्या गळ्यात. साडी सुटेल म्हणून मी निऱ्या धरून ठेवल्या.

आता सिन्नरला येऊन महिना झाला. जाऊ म्हणते, म्हशी दूध चोरायला लागल्या आहेत. सईने कळवलं की त्यांच्या कमिटीत नवं काम आलंय, घरोघर जाऊन बोलावण्याचं, आणि ते नूराने घेतलंय. मला माझीही लाज वाटली. जावेच्या नातीच्या बारशाची बोलावणी मी फोनवरच उरकणार होते. परवा काठी घेऊन सगळी आळी फिरले.

काल नूराने फोन लावला, पलीकडे उम्म नासर. मी म्हटलं, आता तुम्ही सिन्नरला या, माझा गोबरगॅस बघायला. तिने काहीतरी म्हटलं आणि दोघी हसत सुटल्या. नूराने सांगितलं, "दादी पूछती है, आप के यहाँ तो फोन का बुलावा चलता नहीं ना? फिर मूळ कब आएगा?"

बरोबरच आहे तिचं. पासपोर्ट यंदा ट्रंकेत शालूच्या वर ठेवलाय.