खर्ड्यात आलेली साके

फौजेतून परतलेल्या माणसाकडे सामान कमी आणि किस्से जास्त! ट्रंक सहा महिन्यांत रिकामी होते, किस्से मात्र वाढत जातात, कारण सांगणारा दर वेळी थोडी भर घालतो. सेहेचाळीस साली आम्ही तिघे पलटणीबरोबर जपानात होतो. खर्ड्याचा शिवराम शिपाई, जामखेडचा नाना स्वयंपाकी आणि मी कारकून. दोघे मला तेव्हापासूनच 'मास्तर' म्हणत; परतल्यावर मी जामखेडला मिशनच्या शाळेत खराच मास्तर झालो. बाजारच्या दिवशी तिघे एकत्र बसलो की विषय साकेवर यायचाच. त्यातलेच हे काही. भर माझीही आहे, पण बेताची.

*

साके म्हणजे तिकडची तांदळाची दारू. छावणीजवळ तिचा एक जुना कारखाना होता आणि शिवरामची ड्युटी तिथल्या पहाऱ्यावर. कारखान्याचा म्हातारा मालक आधी तांदूळ घासून घासून बारीक करायचा. दाण्याचा तिसरा हिस्सा भुकटी होऊन जायचा. शिवराम आमच्या ज्वारीच्या मुलखातला, भात सणासुदीलाच बघितलेला. तो कळवळला.

"मास्तर, आमच्यात कुना सुनंनं असा तांदूळ नासला आसता, तर सासूनं तिला त्याच दिशी म्हायेरी धाडली आस्ती!"

*

साके आंबायला म्हणून म्हातारा उकडलेल्या भातावर एक बुरशी वाढवायचा. तिला कापडात गुंडाळून तान्ह्या पोरासारखी जपायचा. दुसरं कसलंही आंबवण तिच्या आसपास त्याला खपत नसे. एकदा नाना डब्याच्या दुधाचं दही खाऊन कारखाना बघायला गेला. म्हाताऱ्याने नुसतं हुंगलं आणि त्याला दंडाला धरून बाहेर काढलं! शिवराम मध्ये पडला. त्यानेही दही खाल्लेलंच. तोही बाहेर!

मी गेलो तेव्हा दोघे बर्फात उभे होते. शिवरामच्या खांद्यावर बंदूक तशीच.

"मास्तर," नाना म्हणाला, "लढाई आपुनच जिकली ना? मग भाईर आपुन कसं?"

*

पुढे म्हाताऱ्याचा राग निवला आणि त्याने आम्हाला साके पाजली. कोमट करून, बोटभर पेल्यातून. ना घशाला आग, ना नाकाला झणका. थोडी गोडसर, मागून भाताचा वास. इतकी सभ्य दारू नानाने जन्मात पाहिली नव्हती.

"ही कसली दारू? पाव्हन्याला दिल्यालं पानी हाय!" असं म्हणत त्याने दहा पेले रिचवले. मग उठायला गेला आणि मटकन खाली बसला.

"मास्तर, डोकं माझंच हाय," तो शांतपणे म्हणाला, "पर पाय सरकारजमा झालं!"

*

गावी आल्यावर नानाने ठरवलं, साके आपण करायची. तांदूळ परवडेना, म्हणून ज्वारी उकडली, गोधडीत गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. घरात दही लावायची बंदी! आठवड्याने वर हिरवी-काळी बुरशी आली, तसं नानाने आम्हाला अभिमानाने बोलावलं. तेवढ्यात त्याच्या बायकोने गोधडीसकट सगळं उकिरड्यावर नेऊन टाकलं.

"लोक लढाईवरनं बिल्लं आनत्यात," ती म्हणाली, "आमचं येडं बुरशी पाळाय शिकून आलं!"

*

हा किस्सा शिवरामचा. तो वडिलांना, म्हणजे तात्यांना, न विचारता पळून जाऊन भरती झाला होता. तात्यांनी दारूचा थेंब कधी जिभेवर ठेवलेला नाही. फौजेत गेला तो दारूत गेला, हे त्यांचं पक्कं मत. पोरगा परतला तरी ते त्याच्याशी बोलेनात. काही सांगायचं तर बैलाला सांगायचे, "सर्ज्या, त्याला म्हनावं, भाकरी खाऊन घे." शिवराम समोरच उभा! आम्ही हसायचो, तो हसत नसे. अशी तीन वर्षं गेली. "येक डाव शिव्या तरी द्याव्यात," एवढंच म्हणायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

जपानातून निघताना कारखान्याच्या म्हाताऱ्याने त्याला साकेची एक बाटली दिली होती, 'तुझ्या वडिलांना' अशी खूण करून. आता तात्यांना ती द्यायची कुठल्या तोंडाने? बाटली ट्रंकेच्या तळाशी पडून राहिली. मग आमच्याकडे दारूबंदी आली. "फेकून दे," मी म्हटलं.

"तात्यासाटी दिलीया, मास्तर. मी कसा फेकू?"

कोणीतरी चुगली केली. फौजदार भर दुपारी आला. मी तिथेच होतो. ट्रंक उघडली, बाटली निघाली. फौजदाराने बूच काढून वाटीत ओतलं आणि हुंगलं. अंगणात सगळं गाव गोळा झालेलं. शिवरामला बेड्या पडणार, हे सगळ्यांना कळून चुकलं.

तात्या ओट्यावरून उठले.

"पेज हाय ती. तांदळाची. आजारी मानसाची."

"आजारी कोण?"

"मी."

फौजदार हसला. "मग प्या की, तात्या!"

तात्यांनी वाटी उचलली आणि गावादेखत एका दमात रिकामी केली. तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही. फौजदाराने बाटलीला बूच लावलं, ती ट्रंकेवर ठेवली आणि "जपा तब्येतीला" म्हणून निघून गेला.

शिवराम मान खाली घालून उभा होता. तात्यांनी मिशा पुसल्या आणि त्याच्याकडे बघून म्हणाले,

"पेजंत मीठ घालाय इसरलास."