अडतीस सह्या आणि अर्धं बंड

रविवार, चौदा सप्टेंबर. विहाराचं सभागृह, संध्याकाळी साडेपाच. हजर: वसाहतीचे अध्यक्ष (निवृत्त तलाठी), औषध दुकानवाले, प्रोजेक्टरसह गुरुजी, गवंडीकाम करणारे माझे शेजारी, त्यांची बायको, त्यांची नर्सिंगला असलेली मुलगी, मी, आणि इतर एकतीस. एकूण अडतीस.

हा आकडा अंदाजाने सांगत नाही. दारात टेबल टाकून मी स्वतः बसले होते. नाव, घर क्रमांक, मोबाइल नंबर, सही, मग उपम्याची प्लेट. सही नाही तर उपमा नाही. वसाहतीची सचिव म्हणून सहा वर्षांत मी एवढी एकच शिस्त लावू शकले आहे आणि तीही उपम्याच्या जोरावर.

सभेची सूचना मी तीन दिवस आधी फळ्यावर लावली होती. विषय एक: फाट्यावर बस थांबवणे. विषय दोन: चित्रपट. लोक विषय दोनसाठी आले होते.

विषय एक असा होता. लातूर-नांदेड रस्ता मोठा झाला तेव्हा अहमदपूरच्या पुढे आमच्या फाट्यावर उड्डाणपूल आला. पूल सुरेख आहे. तो झाला तेव्हा सगळी वसाहत वर जाऊन फोटो काढून आली. मग लक्षात आलं की बस आता पुलावरून जाते आणि आपण पुलाखाली राहतो. नांदेडला जाणारी पावणेसातची बस रोज सकाळी आमच्या डोक्यावरून जायची. खिडकीत बसलेल्यांची तोंडंसुद्धा दिसायची.

शेजाऱ्यांची मुलगी याच बसने नांदेडला कॉलेजला जायची. आता ती दप्तर पाठीला लावून पुलाच्या भरावावर चढायची आणि ओढणी हलवत उभी राहायची. एखादा ड्रायव्हर थांबायचा, एखादा हॉर्न वाजवून जायचा. अहमदपूरला मागे जाऊन बस धरावी, तर पहिली टमटमच सव्वासातला. कॉलेज नऊचं. नऊनंतर गेलं की गैरहजेरी. हजेरी पंच्याहत्तर टक्के नसेल तर परीक्षेचा फॉर्म घेत नाहीत, आणि तिची एकसष्टवर आली होती. हिशेब मांडायला ती माझ्याकडे आली. मी वहीत मांडून दाखवला. बावीस सप्टेंबरच्या सोमवारपासून फॉर्मच्या तारखेपर्यंत एकही दिवस चुकला नाही, तर पंच्याहत्तर भरतात. एक चुकला तर वर्ष गेलं. तिने वहीकडे पाहिलं आणि विचारलं, "काकू, एखादा दिवस इकडंतिकडं?" मी म्हटलं, "नाही."

आगारात मी आधीच तीन अर्ज दिले होते. तिन्हींवर एकच उत्तर आलं: ही एकट्याची तक्रार आहे, रहिवाशांच्या सह्या आणा.

सह्या कोण देणार? अध्यक्षांनी दिली नाही, कारण अध्यक्षाने सगळ्यांत आधी सही करणं शोभत नाही. बाकीच्यांनी दिली नाही, कारण अध्यक्षांनी दिली नव्हती. औषध दुकानवाले म्हणाले, "मॅडम, कागदावर नाव चढलं की ते कुठं कुठं फिरून येतं, काई सांगता येत न्हाई." एकाचा मेहुणा कंडक्टर होता. एकाला तत्त्वतः मान्य होतं. तत्त्वतः मान्य असलेल्या माणसाकडून सही मिळवणं हे नाकारणाऱ्याकडून मिळवण्यापेक्षा अवघड असतं, हे मी तेव्हा शिकले.

मग गुरुजी मदतीला आले. पस्तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. म्हणाले, "लोकांचं रक्त गार पडलंय मॅडम. तापवावं लागंल." त्यांच्याकडे पेन ड्राइव्हवर सात-आठशे वर्षांपूर्वीच्या स्कॉटलंडमधल्या बंडाचा एक हिंदीत डब केलेला सिनेमा होता. तीन तासांचा. आधीच्या आठवड्यात मी तो त्यांच्या घरी बसून पूर्ण पाहिला होता, कारण चहासाठी मध्ये कधी थांबायचं ते ठरवायचं होतं.

तर रविवारी पडद्यावर धुकं आलं, डोंगर आले, आणि गुडघ्यापर्यंतचे घागरे घातलेले दाढीवाले पुरुष आले.

"अगं बया," शेजारीण म्हणाली, "असलं नेसून भांडाय निघाले व्हय हे? आत काय हाय का न्हाई?"

"थंडीचा मुलूख हाय तो," गुरुजी म्हणाले.

"म्हणून तर इचारते."

अध्यक्ष पहिल्या खुर्चीवर होते. चिखल पाहून त्यांना चीड आली. "एवढी मोठमोठी सरदार माणसं, अन् गावात एक धड रस्ता न्हाई. काय कामाचे?" रस्ता झाल्यावर आमचं काय झालं, हे त्या घडीला कोणाच्या लक्षात आलं नाही.

पण मान्य केलं पाहिजे, पहिल्या मोठ्या लढाईला सभागृह तापलं. इंग्रजांची फौज अरुंद लाकडी पुलावरून येत होती. बंडवाले आणि त्यांचा म्होरक्या अलीकडे भाले रोवून गप्प उभे. अर्धी फौज पुलावरून अलीकडे येईपर्यंत कोणी हलायचं नाही, असं ठरलेलं. आमच्याकडे मात्र लोक हलायला लागले. "आता! आता धरा!" "थांब रे, अजून येऊ दे!" औषध दुकानवाले खुर्चीवर उभे राहिले. याच माणसाला अर्जावर नाव नको होतं. मग तुंबळ हाणामारी झाली, पूल मोडला, फौज पाण्यात गेली, आणि सभागृहात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच वीज गेली.

"जिंकले!" अध्यक्षांनी अंधारात जाहीर केलं.

"अजून अर्धा बाकी हाय," गुरुजी म्हणाले.

"जिंकल्यावर काय राहातंय गुरुजी? हारतुरे."

वीज मला पाहिजे त्याच वेळी गेली होती. पुढचा अर्धा भाग मी पाहिला होता. त्यात बंडातलेच सरदार इंग्रजांच्या राजाकडून जमिनी घेतात, पुढच्या लढाईत ऐन वेळी घोडे वळवून निघून जातात, आणि मधल्या मधे त्या एका म्होरक्याला पकडून लंडनला नेऊन मारतात. आमच्या वसाहतीला हा भाग दाखवण्याची घाई नव्हती. मोबाइलची बत्ती लावून मी अर्ज टेबलावर ठेवला. म्हटलं, "रक्त तापलं असेल तर इथे सही करा."

सगळे एकदम चपला शोधायला लागले.

"उजेडात करू मॅडम, अंधारात कुठं दस्तखत करता?" "चष्मा घरी राहिला." "बघू, परवा बसू एकदा नीट." अध्यक्षांनी माझ्या खांद्यापर्यंत हात आणून मागे घेतला आणि म्हणाले, "तुम्ही पुढं व्हा. आम्ही पाठीशी हाव."

सह्या झाल्या तीन. माझी, गुरुजींची, आणि मुलीच्या वडिलांची. ते हातात पेन धरून थोडा वेळ थांबले, मग सावकाश पूर्ण नाव लिहिलं. मुलीने टेबल उचलायला मदत केली. दारात विचारलं, "काकू, पुढं काय होतं त्या माणसाचं?"

"नंतर सांगते," मी म्हटलं.

घरी येऊन मी उपस्थितीपत्रक फाइलला लावायला काढलं. वर माझ्याच अक्षरात मथळा होता: "फाट्यावर बस थांबवण्याबाबत सभा." खाली अडतीस सह्या. स्पष्ट, ठळक, काही तर दोन-दोन रेघा ओढलेल्या. उपम्यासाठी माणूस फार मोकळ्या हाताने सही करतो.

आमच्याकडे सभा कशा चालतात ते सांगायला हवं. आधी सही, मग चहा, मग घरी. ठराव दुसऱ्या दिवशी लिहिला जातो आणि हजेरीच्या सह्या त्याखाली येतात. "सर्वानुमते मंजूर." कमानीचा ठराव, रंगरंगोटीचा ठराव, अध्यक्षांची फेरनिवड, सगळं याच रीतीने झालं आहे, आणि दरवेळी ते लिहून घेणारे अध्यक्षच. ही लबाडी आहे हे मला सहा वर्षांपासून माहीत होतं. त्या रात्रीपर्यंत ती मी फक्त दुसऱ्यांसाठी केली होती. अर्जामागे ठराव लिहिला, त्यामागे पत्रक जोडलं, टाचणी मारली.

सोमवारी आगारात साहेबांनी पानं उलटली. "अडतीस? मागच्या वेळी तुम्ही एकट्याच होत्या."

"लोक तापलेत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पत्रकावरचा अध्यक्षांचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. मला वाटलं, आता संपलं. अध्यक्ष म्हणणार, कसलं बंड साहेब, आम्ही तर पिच्चर बघाय गेलो होतो.

"तुमच्या अध्यक्षतेखाली अडतीस लोकांनी ठराव केलाय म्हणे बसचा?" साहेबांनी विचारलं.

पलीकडून दोनदा खाकरल्याचा आवाज आला. "अध्यक्षतेखाली" हा शब्द अध्यक्षांच्या कानातून खाली उतरायला तेवढा वेळ लागला असावा.

"हाव साहेब," ते म्हणाले. "लोकांचा लई रेटा हाय. मीच कसंबसं थोपवून धरलंय."

साहेबांनी दुसरा नंबर औषध दुकानाचा लावला. तिकडून उत्तर आलं, "सही माझीच हाय. पण मी उपमा खायला गेलतो." साहेब हसले. त्यांनी काय ओळखलं ते मी विचारलं नाही. म्हणाले, पुढच्या सोमवारपासून प्रायोगिक तत्त्वावर एक महिना पावणेसातची बस खालच्या रस्त्याने येईल. कायमचा थांबा पाहिजे असेल तर महिन्याच्या आत रहिवाशांचा नवा अर्ज द्या. "आणि या वेळी," पत्रकावर बोट ठेवून म्हणाले, "उपमा नको."

पुढच्या सोमवारी पावणेसातला बस खाली आली. बस आली तेव्हा फाट्यावर अख्खी वसाहत उभी होती. मला हे कोणी कळवलं नव्हतं. नारळ, हार, ड्रायव्हरला शाल, कंडक्टरला टोपी. अध्यक्ष बसच्या समोर उभे राहून बोलत होते. "मित्रांनो, हा लढा काई सोपा नव्हता." औषध दुकानवाले फोटो काढत होते. फोटोत स्वतः यावं म्हणून मोबाइल दुसऱ्याकडे देत होते आणि पुन्हा तपासत होते.

मुलगी बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसली होती. तिने काचेतून मला मनगट दाखवलं. सात वाजले होते. माझ्या वहीत इकडंतिकडंला जागा नव्हती, आणि ज्यांनी सही केली नव्हती ते आता तिचं वर्ष सत्कारात घालवत होते.

मी अध्यक्षांना म्हटलं, "भाषण आवरा, पोरीला उशीर होतोय."

"तिच्यासाठीच तर चाललंय सगळं," ते म्हणाले, आणि आगाराच्या साहेबांचे आभार मानायला लागले. त्यानंतर लोकप्रतिनिधींचे होते.

ड्रायव्हर शाल पांघरून आपल्या जागेवर जाऊन बसला होता. कंडक्टर खाली पेढा खात होता. मी अध्यक्षांना दंडाला धरून बाजूला घेतलं, "फोटोला उजेड इकडून चांगला येतो," असं सांगितलं, कंडक्टरला पेढ्यासकट आत ढकललं, मागोमाग चढले आणि वरची घंटीची दोरी दोनदा ओढली. दोन घंटा वाजल्या की ड्रायव्हर मागे बघत नाही. त्याचा हात वीस वर्षांच्या सवयीने गिअरवर जातो. बस निघाली. मागच्या काचेतून अध्यक्ष दिसत होते, तोंड उघडं, हात वर.

मी नांदेडचं तिकीट काढलं. ऑफिसला सांगितलं नव्हतं, डबा घरी राहिला होता, पायात घरच्या चपला.

"काकू, आता सांगा," मुलगी म्हणाली. "त्या माणसाचं पुढं काय झालं?"

सांगितलं. सरदारांनी घोडे कसे वळवले, तेही सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे आपले अजून वळायचे हायेत."

नऊला चार मिनिटं कमी असताना ती कॉलेजच्या फाटकातून आत पळाली. मी रस्त्यापलीकडे चहा घेतला आणि परतीच्या बसला बसले. ती बस पुलावरूनच गेली. मला पुढच्या स्टॉपवर उतरून चालत यावं लागलं.

तिचे पंच्याहत्तर टक्के भरले, फॉर्म घेतला गेला. पण कॉलेज अजून दोन वर्षं आहे आणि प्रयोगाच्या महिन्याचे नऊ दिवस उरले आहेत. नव्या अर्जावर आज सह्या आहेत सहा. अध्यक्षांची नाही. अध्यक्षाने पहिली सही करणं शोभत नाही, आणि आता सातवी करणं कमीपणाचं वाटतं. ते रोज भेटतात, रोज विचारतात, "मॅडम, पिच्चरचा दुसरा भाग कवा दाखवून राहिल्या? जिंकल्यावर काय झालं ते तर कळू द्या."

मी सांगितलं आहे, अर्जावर चाळीस सह्या झाल्या की दाखवते. ते अर्ज हातात घेतात, चष्मा लावतात, सगळी नावं वाचतात आणि कागद परत देतात. वहीत या आठवड्याच्या पानावर ‘चाळीस सह्या’ एवढंच एक काम खोडायचं राहिलं आहे.