ठसका न लागणारी बाई

पाटोद्याच्या बाजारात वनमाला येण्याआधी तिचा ठसका येतो, असं लोक चेष्टेनं म्हणतात. बसमध्ये ती शेजारी बसली की चांगली बाप्यामाणसं शिंकत उठून उभी राहतात. मी तिची शेजारीण, आमची भिंतीला भिंत. चेष्टा करणाऱ्याला मी तोंडावर विचारते, वर्षभर तिनंच कांडलेली चटणी खाता अन् तिच्याच येसूर मसाल्याची आमटी ओरपता, तेव्हा कुठं जाते रे तुमची शिंक?

घराच्या पुढच्या पडवीत तिची मिरची कांडायची मशीन आहे. उन्हाळ्याचे दोन महिने काय तो सीझन, बाकीचं वर्ष त्याच्यावरच निघतं. तिचा नवरा सुंदरराव शेतात राबतो, पण तिथल्या पिकाचा काही भरवसा नाही. वीसेक वर्षं झाली, वनमाला त्या लाल फुफाट्यात उभी आहे. केसांत मिरची, भुवयांत मिरची, साडीच्या निऱ्यांत मिरची.

यंदा ऐन सीझनात तिची एकुलती लेक प्रियदर्शनी पहिल्या बाळंतपणाला आली आणि मुलगी झाली. नातीला आपल्या हातानं न्हाऊ घालायचं, पायांवर घेऊन बसायचं, एवढीच वनमालाची हौस. मशीन बंद केली की पदराला हात पुसायची आणि तडक बाळंतिणीच्या खोलीत शिरायची.

पण पोर सारखी शिंकायची. डोळे गळायचे, नाक चोंदायचं, दूध ओढता ओढताच दमून जायची. डॉक्टर म्हणाले, धूर नको. म्हणून ओव्याची धुरी बंद केली. मशीनकडचं दार लावून फटींत चिंध्या कोंबल्या. तरी आपलं तेच. मग वनमालानं ठरवूनच टाकलं, की लेकराला दृष्ट लागली.

तिनं दृष्ट काढली तेव्हा मी तिथंच होते. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या बाळावरून उतरवून तिनं मागच्या अंगणातल्या चुलीत टाकल्या. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर दृष्ट जबर, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वनमाला चुलीवर वाकून म्हणाली, "बघ संगीता, जरा सुदीक ठसका न्हाई. लई वाईट नजर हाय कुणाची तरी."

मी अंगणाच्या पार टोकाला तोंडात पदर कोंबून खोकत होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"अगं बाई, माझा जीव चाललाय हितं! तुला कवा लागलाय का ठसका?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग चुलीकडं बघत राहिली.

त्याच आठवड्यात डीपी जळाला. लाईट नाही म्हणून मशीन बंद पडली आणि पोर गाढ झोपायला लागली, पोटभर प्यायला लागली. डीपी दुरुस्त झाला त्या दिवशी संध्याकाळी वनमालानं कांडप उरकून नातीला उचललं आणि शिंका पुन्हा सुरू झाल्या. प्रियदर्शनी हळूच म्हणाली, "माय, मिरची तुज्या अंगासंगं आत येतीया."

तेव्हापासून आधी आंघोळ, मग बाळ. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्यात हिचं रोज डोक्यावरून न्हाणं. सुंदरराव कुरकुरायचा. आतली साडी वेगळी ठेवली, केस फडक्यात बांधले. पण आपण स्वच्छ झालो की नाही, हे तिचं तिला कळतच नव्हतं. तिच्या नाकाला मिरची कळायची केव्हाच बंद झाली होती. मग दाराबाहेर उभी राहून ती लेकीला विचारायची, "येऊ का गं?" लेक जवळ येऊन तिच्या मानेचा वास घ्यायची. कधी म्हणायची, ये. कधी म्हणायची, थांब जरा.

आपल्याच घरात आईनं असं उभं राहायचं, याचा मला संताप यायचा. पण रागवायचं तरी कुणावर? लेकीचं काय चुकलं होतं? एकदा मी गेले तर 'थांब' ऐकून वनमाला तिथंच भिंतीला टेकून बसलेली, आणि ओल्या केसांनीच तिला झोप लागलेली. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजले होते.

शेवटी सव्वा महिना व्हायच्या आतच प्रियदर्शनीनं सासरी, नेकनूरला, जायचं ठरवलं. लोकांना सांगितलं, सासूबाईंना करमत नाही.

जायच्या दिवशी वनमालानं मशीन बंदच ठेवली. आलेली गिऱ्हाइकं परत पाठवली. दोनदा न्हाली आणि घडी न मोडलेली नवी साडी नेसली. लेकीची ओटी भरली. जीप दारात उभी होती. वास बघायला कुणी पुढं आलं नाही, तिनंही विचारलं नाही. प्रियदर्शनीनं आपणहून बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

वनमाला ताठ बसून होती. श्वाससुद्धा जपून घेत होती. नातीनं तिच्याकडं टुकूटुकू पाहिलं, मूठ उघडली, मिटली आणि शिंकली.



"थंडी वाजली असंल तिला," प्रियदर्शनी म्हणाली.

वैशाखाचं ऊन होतं, अंगणात अनवाणी पाय ठेववत नव्हता.

"असंल," वनमाला म्हणाली आणि तिनं बाळ परत दिलं.