श्रावणाचा मान

बाळूकाका गुरवांचं अर्धं आयुष्य शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिण्यात गेलं आणि उरलेलं अर्धं महादेवाच्या पिंडीवर पाणी घालण्यात. दोन्हीकडे ते वेळेवर हजर असायचे आणि दोन्हीकडून त्यांना कधी शाबासकी मिळाली नाही, असं सोलापूरच्या भवानी पेठेत त्यांच्या तोंडावर म्हणतात. काका हसतात आणि धोतराचा सोगा सावरून पुढं जातात. चिडवून घ्यावं तर त्यांनीच.

गल्लीतल्या महादेवाची पूजा गुरवांच्या चार घरांकडे आहे. वर्षाचे महिने या चार घरांत वाटलेले. काकांच्या घराकडे श्रावण. म्हणजे बाकीच्यांनी वर्षभर भांडी घासायची, आणि काकांनी पंगतीत वाढायचं, असं भावकीत हळूच बोलतात. श्रावणी सोमवारी गल्लीच्या तोंडापर्यंत रांग लागते. त्या रांगेपुढं सोवळं नेसून उभं राहणं हाच काकांच्या साध्यासुध्या जगण्यातला एकमेव थाट.

तो थाट काकांनी यंदा गुढीपाडव्याला पुतण्याला देऊन टाकला.

कारण त्यांची एकुलती एक मुलगी, वैदेही. आई लवकर गेली, पोरगी बापाच्या मागं मागं देवळात वाढली. बेल निवडणं, पिंडीला भस्म लावणं, सगळं तिला पाठ. पुढं ती इंजिनियर झाली, रंगाच्या कारखान्यांतलं सांडपाणी कसं साफ करायचं ते शिकली, आणि त्यातलंच वरचं शिक्षण घ्यायला अमेरिकेतल्या विद्यापीठानं तिला जागा दिली. इंग्रजीची परीक्षा झाली, बँकेचं शिक्षणकर्ज मंजूर झालं. राहिला होता फक्त व्हिसा.

तेव्हा काकांना वाटलं, आपल्या मागं ती एकटीच, तिच्या पायात हा मान अडकू नये. त्यांनी देवापुढं पानाचा विडा ठेवला आणि पुतण्या अनीशला उचलायला सांगितला. गुरवांत ही रीतच आहे. विडा ठेवणाऱ्यानं मान सोडला, उचलणाऱ्यानं घेतला. एकदा उचलला की देणाऱ्यानं परत मागायचा नाही. घेणाऱ्याला आपणहून वाटलं तरच तो पुन्हा खाली ठेवू शकतो.

"पोरगी मोकळी राहावी म्हणून दिला," असं काका मग भेटेल त्याला सांगत सुटले. किराणा दुकानात सांगितलं, शाळेत सांगितलं, दाढी करताना न्हाव्यालाही सांगितलं. इतका मोठा त्याग करून गप्प बसणं त्यांच्यानं होईना.

मुंबईहून व्हिसाची मुलाखत देऊन वैदेही परत आली ती चपला काढून सरळ आतल्या खोलीत गेली. काका मागोमाग गेले.

"नाही म्हणाले, बाबा."

"कशावरून?"

"पासपोर्ट परत दिला आणि सोबत छापील चिठ्ठी. शिक्षण संपल्यावर मी परत येईन असं त्यांना वाटलं नाही." तिनं पासपोर्ट फळीवर ठेवला. "घरी वडील काय करतात, विचारलं. मी म्हटलं, शाळेत आहेत, आणि आमच्या घराण्याकडे देवळाची पूजा आहे. साहेबाला बरं वाटलं ते. म्हणाला, तू एकटीच ना, मग पुढं पूजा कोण करणार? मी म्हटलं, बाबांनी चुलतभावाला दिली. का दिली, म्हणाला."

काकांना पुढचं कळलं. तरी त्यांनी विचारलं, "मग?"

"मी खरं ते सांगितलं. मी मोकळी राहावी म्हणून."

काकांनी खुंटीवरचा टॉवेल काढला, पुन्हा तिथंच ठेवला. पोरीनं एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. वाक्यसुद्धा त्यांचंच होतं.

दुसऱ्या दिवशी बापलेक सोमेशकडे गेले. परदेशी जाणाऱ्या पोरांची कामं करून देणारा हा तरणा गडी. टाय लावतो, पण गरम झालं की खिशात कोंबतो.

"काका, तिथला नियमच उलटा असतो," सोमेश म्हणाला. "शिकायला येणारा कायमचा राहायलाच येतोय, असंच ते धरून चालतात. तसं नाही हे आपण पटवून द्यायचं. घर, माणसं, काम, जे काही परत ओढून आणणारं आहे ते दिसलं पाहिजे. लोक शोधून शोधून असला धागा दाखवतात. तुमच्याकडं होता, आणि तुम्ही तोच तोडून ठेवला की."

"पुन्हा अर्ज करता येतो?"

"येतो ना. पण परिस्थितीत काहीतरी फरक हवा. एक काम करू, पूजेचा मान वैदेहीकडेच आहे असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ. कोण बघायला येतंय देवळात?"

"महादेव असतो की तिथं," काका म्हणाले आणि उठले. सोमेशला ती थट्टा वाटली. काका थट्टा करत नव्हते.

खोटा कागद करायचा नाही आणि खरा मान मागायची सोय नाही. तिकडं विद्यापीठ सुरू व्हायची वेळ जवळ येत चाललेली. काका अनीशच्या घरी जायला लागले. अनीश चिंचोळी एमआयडीसीत कामाला. श्रावणात पहाटेची पूजा करता यावी, आणि एका महिन्यापुरती पाळी बदलून मिळत नाही, म्हणून त्यानं साहेबाच्या हातापाया पडून आतापासूनच कायमची दुपारची पाळी मागून घेतली होती, त्यामुळं त्याची लहानगी उर्वी आता बापाला रविवारीच नीट बघायची. काका जायचे, चहा प्यायचे, ऊन फार आहे म्हणायचे आणि परत यायचे. दुसऱ्यांदा गेले तेव्हाही ऊन फारच होतं. तिसऱ्यांदा अनीशच्या आईनं, म्हणजे काकांच्या थोरल्या वहिनीनं, यशोदाबाईनं चहाची कपबशी त्यांच्यापुढं ठेवली आणि समोरच फतकल मारली. बाईचं माहेर माळशिरसकडचं आणि जीभ अजून तिकडचीच.

"भावजी, ह्या घरचा चहा लई ग्वाड हाय असं न्हाय. पोटात काय हाय ते वका आता."

काकांनी सांगितलं. वकिलातीतला साहेब, छापील चिठ्ठी, सोमेश, सगळं. मान परत द्या असं तेवढं म्हणाले नाहीत.

यशोदाबाईनं पदर खोचला. "पोरीच्या हातात श्रावण? आन् महिन्यातलं चार दिवस कोण बघणार?"

"ते मी बघीन."

"आन् भावकी?"

"भावकी तोंड वाकडं करील. मला बघूनही करायची सवय आहे तिला."

दारात अनीश येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. पायातले बूट न काढताच तो उंबऱ्यावर बसला.

"काका, एकच सांगा. वैदू परत येणार हाय का?"

हो म्हणून टाकलं असतं तर काम झालं असतं. अनीश मनानं मऊ आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत. काकांनी कपबशी बाजूला सरकवली.

"मला ठाऊक नाही."

"मग मी विडा ठेवू कशाला? ती यायची न्हाय, आन् श्रावण ओस पडायचा."

"तुझं बरोबर आहे," काका म्हणाले. "मी मागायला आलोच नाही. मला मागता येत नाही. मी चुकलो एवढं सांगायला आलो, आणि तेही तीन खेपा घालून. तिला मोकळी केली म्हणून मी गावभर मिरवलो. पण हा मान तुला हवाय का, असं तिला विचारलंच नाही. मुलगी आहे, जायचीच, असं धरून चाललो. त्या साहेबानं तरी तिला चार प्रश्न विचारले."

अनीशनं बुटाची नाडी आवळली. मग अनीश उठला आणि वैदेहीला बोलावून आणायला गेला.

ती आली. अनीशनं सरळ विचारलं, "वैदू, तुला श्रावण पायजे का व्हिसा?"

"दोन्ही."

"चेष्टा करू नको बे."

"नाही करत, अनीशदादा. शिक्षणाची दोन वर्षं, ते दोन श्रावण तू आणि बाबांनी करायचे. तिसरा माझा. मी नाही आले, तर मी विडा ठेवला असं धर आणि तूच उचल. मला फोन करून विचारायलासुद्धा थांबू नको. मान अडवून ठेवायचा आणि यायचं नाही, असं मला जमणार नाही."

"म्हंजे येणार हायस?"

"आज मला यायचंय. तिथं गेल्यावर काय वाटेल ते आज कसं सांगू?"

काकांनी मान वर केली नाही. त्यांना पोरीच्या तोंडून दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. काय, ते कुणीही सांगेल. पण खोटा कागद नको म्हणणाऱ्या माणसाला खोटं वचनही मागता येत नाही.

यशोदाबाईच म्हणाली, "बापापरीस बरी हाय. निदान सरळ तरी बोलती."

सोमवारी भावकीतल्या दोघा वडीलधाऱ्यांसमोर अनीशनं विडा ठेवला. एक म्हातारा, हे कधी झालं नव्हतं, असं पुटपुटला. वैदेहीनं विडा उचलून कपाळाला लावला.

दुसऱ्या मुलाखतीला खिडकीमागं वेगळ्या बाई होत्या. त्यांनी सांडपाण्याबद्दल विचारलं, कर्जाबद्दल विचारलं, पुढं काय करणार तेही विचारलं. सोलापुरातल्या रंगाच्या हौदांचं पाणी कुठं जातं ते वैदेहीनं सांगितलं. पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मिळाला.

काकांनी फोनवर विचारलं, "मानाचं विचारलं का?"

"नाही, बाबा. तो विषयच निघाला नाही."

काका 'बरं' म्हणाले. त्या एका 'बरं'मध्ये काय काय होतं, त्याची चर्चा पेठेत पुढं बरेच दिवस चालली. कुणी म्हणालं, उगाच भावकीत कालवाकालव केली. काका धोतराचा सोगा सावरून पुढं जायचे. विडा साहेबाला दाखवायला उचललेला नव्हता, एवढं त्यांच्यापुरतं पक्कं झालं होतं.

वैदेही गेली, आणि मागोमाग श्रावण लागला. पहिल्या सोमवारी रांग नेहमीसारखी गल्लीच्या तोंडापर्यंत. गाभाऱ्यात काका पाटावर बसले, शेजारी अनीश बेलाची परडी घेऊन. काकांनी उजव्या हातात पाणी घेतलं आणि संकल्प म्हणायला सुरुवात केली. देश, काळ, तिथी, गोत्र. पुढं ज्याचा मान त्याचं नाव घ्यायचं. इतकी वर्षं तिथं त्यांचं स्वतःचंच नाव यायचं आणि तेवढ्यापुरतं ते महादेवाच्या दरबारात कुणीतरी असायचे. जीभ सवयीनं तिकडंच निघाली आणि अडली.

बाहेर रांगेत कुणीतरी घंटा वाजवली. तळहातावरचं पाणी बोटांतून गळायला लागलं होतं.

"पुढं, काका," अनीश हळूच म्हणाला.

काकांनी पोरीचं नाव घेतलं, स्पष्ट, बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आणि हातात उरलं होतं तेवढं पाणी सोडलं.